सायलेन्सर बदलला, आता ट्यूनिंग करावंच लागतं का?

प्रश्न : सर माझी २०२२ ची रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० आहे, बीएस६ वाली. दिवाळीत बाहेरचा सायलेन्सर टाकला, बेंड पाईप (इंजिनपासून सायलेन्सरपर्यंतचा) कंपनीचाच ठेवलाय. आवाज मस्त आहे पण थ्रॉटल सोडला की फट् फट् करते, खंबाटकी उतरताना तर फारच. एक मेकॅनिक म्हणतो रिमॅप, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधली पेट्रोलची सेटिंग बदलणं, केलं नाही तर इंजिन जाईल, मित्र म्हणतात काही करू नको. कोणाचं ऐकू? (वाचक, सातारा)

उत्तर : मित्रांचं ऐका, पण अर्धंच. नुसता मागचा डबा, म्हणजे सायलेन्सर, बदललाय आणि बेंड पाईप तोच आहे तर रिमॅप लागत नाही आणि इंजिनही जात नाही. तुमच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर आहे, तो जळून बाहेर पडणाऱ्या धुरात ऑक्सिजन किती उरलाय ते सतत बघतो आणि ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, त्यावरून पेट्रोल कमीजास्त करतो, वजनाने १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल या हिशोबाच्या आसपास. म्हणजे रोजच्या चालवण्यात, एका लयीत गाडी चाललीय तेव्हा, थोडाफार फरक गाडी स्वतःच भरून काढते. फुल थ्रॉटलला मात्र ती सेन्सरकडे बघत नाही, कंपनीने भरून दिलेल्या टेबलवर चालते, तिथे मिश्रण मुद्दाम जाड, म्हणजे पेट्रोल जास्त, ठेवतात, १ भाग पेट्रोलला साधारण १३ भाग हवा. नुसत्या डब्याने हवेचा प्रवाह एवढा बदलत नाही की ते टेबल कमी पडावं.

आता फटफट. रिमॅपला पैसे द्यायच्या आधी बेंड पाईप आणि डबा जिथे जोडलाय तो जॉइंट बघा. थ्रॉटल बंद करून उतारावर गाडी आली की पाईपमधला दाब खालीवर होतो, जॉइंट ढिला असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि न जळलेलं पेट्रोल तिथेच पाईपमध्ये पेटतं, तोच तो आवाज. सकाळी इंजिन गार असताना जॉइंटवर साबणाचं पाणी लावा आणि गाडी चालू करा, बुडबुडे आले की लीक सापडला. नवीन गॅस्केट टाका, क्लॅम्प नीट कसा, बऱ्याचदा एवढ्यावरच काम होतं. तरी थोडी फटफट राहिली तर घाबरू नका, ती आधीही असते, जुना डबा आवाज दाबून टाकायचा म्हणून ऐकू येत नव्हती. हाच लीक इंजिनच्या तोंडाशी, सेन्सरच्या आधी असेल तर जास्त त्रास, कारण आत आलेली हवा बघून सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, मग ईसीयू उगाच जास्त पेट्रोल सोडतो आणि मायलेज पडतं.

बेंड पाईप पण बदलला, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेला, वर जास्त हवा घेणारा फिल्टर टाकला, मग मात्र ट्यूनिंग पाहिजेच. बंगळुरूच्या रेस डायनॅमिक्स कंपनीचे फ्युएलएक्स आणि पॉवरट्रॉनिक हे पेट्रोल कमीजास्त करणारे कंट्रोलर त्याच कामासाठी लोक लावतात. रिमॅप करणाऱ्याला एकच विचारा, आधीचा आणि नंतरचा हवा-पेट्रोलचा ग्राफ दाखवणार का? मिश्रण नेमकं मोजणारा वाइडबँड सेन्सर न लावता नुसतं कानाने ऐकून रिमॅप करतो म्हणाला तर पैसे देऊ नका, खरंच देऊ नका.

प्रश्न : माझी जुनी कार्ब्युरेटरवाली बुलेट आहे, फ्री फ्लो (धूर मोकळा सोडणारा) सायलेन्सर टाकल्यावर कमी आरपीएमचा, खालचा पिकअप गेला. बॅक प्रेशर, म्हणजे धुराला पाईपमध्ये होणारा अडथळा, कमी झालं म्हणून असं होतं का? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : सगळे हेच सांगतात पण इंजिनला बॅक प्रेशर नको असतं. धूर पाईपमधून ठोक्याठोक्याने जातो, पाईपची लांबी आणि जाडी बरोबर असेल तर प्रत्येक ठोका मागच्या धुराला ओढून घेतो. पाईप फार जाड किंवा आखूड झाला की कमी आरपीएमला ही ओढ जाते, तो खालचा पिकअप कार्ब्युरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) बदलून परत येत नाही.

तरी कार्ब्युरेटर बघावाच लागेल, कारण तुमच्याकडे सेन्सर नाही, गाडी स्वतः काही सुधारत नाही. थोडा वेळ जोरात चालवून, त्याच स्पीडला क्लच दाबून इंजिन बंद करा, बाजूला थांबा आणि प्लग गार झाला की काढून बघा. बिस्किटी रंग चांगला, पांढरा फटक म्हणजे पेट्रोल कमी आणि इंजिन तापतंय, काळा काजळीचा म्हणजे जास्त. पांढरा असेल तर मेन जेट एकच साईज मोठा टाका, परत बघा, एकदम दोन-तीन साईज वर जाऊ नका. आणि सेटिंग कोल्हापुरातच करा, महाबळेश्वरला नको, तिथे हवा विरळ, कार्ब्युरेटरचं मिश्रण आपोआप जाड होतं, मग तिथे बरोबर वाटलेलं खाली आल्यावर कमी पडतं.

प्रश्न : ट्यूनिंग नीट केलं तर चलान होत नाही ना? (वाचक, पुणे)

उत्तर : होतं. ट्यूनिंगचा आणि आवाजाचा संबंध नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली आवाज आणि प्रदूषणासाठी पहिल्यांदाच १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, लायसन्सही ३ महिने जाऊ शकतं. पुणे-नागपूरला पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोलर फिरवलेत. डीबी किलर (सायलेन्सरच्या तोंडातला आवाज कमी करणारा तुकडा) काढू नका, आणि शहरात गाडी चालवायची असेल तर माझं मत, कंपनीचाच सायलेन्सर ठेवा, रात्री गल्लीत झोपलेल्या म्हाताऱ्या माणसांना तुमच्या एक्झॉस्टचा ब्रँड माहीत नसतो, त्यांची फक्त झोप जाते.