‘इंटरनॅशनलाइझ’ या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ ‘परदेशात जाणे’ असा घ्यावा का?

‘वी प्लॅन टू इंटरनॅशनलाइझ अवर ब्रँड’ या वाक्यातील क्रियापदाचा अर्थ ‘परदेशात जाणे’ असा घेतला तर चालेल का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते तो अर्थ अपुरा आहे. कोणी शिक्षणासाठी परदेशी गेले, तर त्याच्याबद्दल हे क्रियापद इंग्रजीत वापरत नाहीत. एका देशापुरती असलेली गोष्ट, मग तो वाद असो, प्रदेश असो, चलन असो किंवा विद्यापीठ, ती अनेक देशांच्या कक्षेत आणणे हा त्याचा गाभा आहे. इंग्रज तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम यांनी १७८९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ‘इंटरनॅशनल’ हा शब्द राष्ट्राराष्ट्रांमधील कायद्यासाठी वापरला, तेव्हा तो नव्यानेच घडवलेला होता. त्यातील ‘राष्ट्राराष्ट्रांमधील’ ही छटा या क्रियापदात आजही टिकून आहे. ते बहुधा सकर्मक असते. उद्योगजगतात मात्र ‘कंपनी इंटरनॅशनलाइझ होत आहे’ अशा अर्थी अकर्मकही येते.

मराठी वृत्तपत्रांच्या वाचकाला ‘आंतरराष्ट्रीयीकरण’ हा शब्द सर्वाधिक भेटतो तो काश्मीरच्या संदर्भात. १९७२ च्या सिमला करारात भारत आणि पाकिस्तान यांनी आपसांतील मतभेद द्विपक्षीय वाटाघाटींनी किंवा उभयपक्षी मान्य अशा अन्य शांततामय मार्गांनी सोडवण्याचे मान्य केले. त्यामुळे पाकिस्तान हा विषय संयुक्त राष्ट्रांत मांडतो, तेव्हा ‘प्रश्नाचे आंतरराष्ट्रीयीकरण’ हे शब्द आपल्याकडे आक्षेप म्हणून उच्चारले जातात. याउलट ‘रुपयाचे आंतरराष्ट्रीयीकरण’ म्हटले की तेच नाम आकांक्षा व्यक्त करते. रिझर्व्ह बँकेने जुलै २०२२ मध्ये आयात-निर्यातीचे व्यवहार रुपयांत करण्याची व्यवस्था जाहीर केली, तेव्हापासून ते अर्थविषयक लेखनात बरेच रुळले आहे. शब्द एकच असला, तरी तो स्तुतीचा की तक्रारीचा, हे त्याच्या कर्मावरून आणि बोलणाऱ्याच्या बाजूवरून ठरते.

‘राष्ट्रीयीकरण’ या शब्दाशी असलेल्या साम्याने मात्र फसू नये. १९६९ साली १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, म्हणजे त्यांची मालकी सरकारकडे गेली. आंतरराष्ट्रीयीकरणात मालकी बदलतेच असे नाही. प्रदेशांच्या बाबतीत या शब्दाला प्रशासनाचा अर्थ असतो: मोरोक्कोतील टँजिअर शहर १९२३ च्या करारानुसार अनेक देशांच्या संयुक्त कारभाराखाली आले आणि ती व्यवस्था १९५६ पर्यंत, मधला दुसऱ्या महायुद्धातील स्पॅनिश ताब्याचा काळ वगळता, टिकली.

मी संगणकप्रणालींचा मजकूर मराठीत आणण्याचे काम करतो, त्यामुळे तेथील अर्थाविषयी मला विशेष आस्था आहे. या क्षेत्रात ‘आय१८एन’ असे संक्षिप्त रूप चालते, कारण ‘इंटरनॅशनलायझेशन’ या नामाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये पहिल्या आणि शेवटच्या अक्षराच्या मध्ये १८ अक्षरे येतात. येथे इंटरनॅशनलाइझ करणे म्हणजे भाषांतर करणे नव्हे, तर पुढे कोणत्याही भाषेत नेता येईल अशी प्रणालीची रचना आधीच करून ठेवणे. प्रत्यक्ष मराठीत आणण्याच्या कामाला ‘स्थानिकीकरण’ म्हणतात. इंग्रजीत ‘डिलीटेड’ हे एकच रूप कोणत्याही नामाला चालते, पण मराठीत ‘फाइल हटवली’, ‘संदेश हटवला’ आणि ‘चित्र हटवले’ अशी लिंगानुसार तीन रूपे लागतात. प्रणालीने क्रियापद आणि नाम वेगवेगळे साठवून ऐनवेळी जोडले, तर अनुवादक कितीही कुशल असला तरी वाक्य चुकतेच. लाख-कोटीनुसार १२,३४,५६७ असा स्वल्पविराम पडावा, यासाठीही तशी सोय मुळातच ठेवावी लागते. मराठी अनुवादांतील कित्येक विचित्र वाक्यांचा दोष अनुवादकाकडे नसून या राहून गेलेल्या पूर्वतयारीकडे असतो, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते.

‘आंतरराष्ट्रीयीकरण करणे’ हे जड रूप मी राजनय, अर्थकारण आणि तंत्रज्ञान यांपुरते ठेवीन. इतरत्र ‘आंतरराष्ट्रीय स्वरूप देणे’ किंवा ‘आंतरराष्ट्रीय पातळीवर नेणे’ अधिक सहज वाचले जाते. आपले वाक्य मी असे लिहीन: ‘आमचा ब्रँड इतर देशांच्या बाजारपेठांत नेण्याचा आमचा विचार आहे.’