‘गायीची प्रतिपिंडे’ म्हणजे नेमकी कोणाची?

सोलापूरच्या एका पशुवैद्यक विद्यार्थ्याने विचारले आहे: ‘गायीच्या इंटरफेरॉन-गॅमाची प्रतिपिंडे’ हे बरोबर का? आणि अँटीबॉडीला, म्हणजे रोगजंतूंसारख्या परक्या गोष्टीला धरणाऱ्या प्रथिनाला, प्रतिपिंड म्हणावे की प्रतिद्रव्य?

आधी एक तक्रार. सिद्धेश्वर यात्रेतल्या जनावरांच्या बाजारापासून बातम्यांपर्यंत लस, प्रतिजैविक, प्रतिपिंड हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी बसवले जातात. लम्पी हा विषाणूचा रोग. प्रतिजैविक विषाणूवर चालतच नाही. हा घोळ थांबलाच पाहिजे.

आता षष्ठी. ती इथे घात करते. प्रयोगशाळेतली ही प्रतिपिंडे बहुधा उंदरापासून मिळवलेली असतात आणि गायीचे इंटरफेरॉन-गॅमा हे प्रतिकारशक्तीचे प्रथिन धरतात. म्हणून ‘गायीच्या इंटरफेरॉन-गॅमाविरुद्धची उंदराची प्रतिपिंडे’ असेच लिहावे. लांब वाटले तरी प्राणी गाळू नये. एलायझात, म्हणजे प्लेटवर रंगाने प्रथिन मोजण्याच्या चाचणीत, ते प्रथिन धरायला तळाला सीसी३३० आणि ते ओळखायला वरून सीसी३०२, अशी दोन्ही उंदराचीच प्रतिपिंडे घेतली, तर वरच्याला बायोटिन ही रंग आणण्यासाठीची खूण जोडलेली हवी. तिथे उंदराविरुद्धचे तिसरे प्रतिपिंड घातले, तर ते तळालाही चिकटते आणि सगळी प्लेट रंगते. माणसाच्या इंटरफेरॉनसाठी केलेले प्रतिपिंड गायीला लागेलच असेही नाही.

‘पिंड म्हणजे गोळा, म्हणून प्रतिद्रव्य म्हणा’ हा काही कोशकारांचा आग्रह मला मुळीच मान्य नाही. ‘पिंडी ते ब्रह्मांडी’ म्हणताना पिंड म्हणजे देहच असतो, आणि १८९१ साली पाउल एर्लिखने वापरलेल्या जर्मन ‘अँटीकोर्पर’मधला ‘कोर्पर’ म्हणजेही देहच. एखाद्याचा पिंडच तसा, असे आपण स्वभावाबद्दल म्हणतो. ठरावीक आकारालाच धरणे हा प्रतिपिंडाचा स्वभाव. द्रव्य काय, कुठल्याही पदार्थाला म्हणता येते.

आणि गोळा हा अर्थ तरी कुठे चुकतो? ब्रुसेलोसिस या जनावरांच्या जिवाणूजन्य रोगाची रोझ बेंगॉल चाचणी पाहा. गायीचा सीरम (रक्तातला पातळ भाग) आणि गुलाबी प्रतिजन (रंगवलेले मृत ब्रुसेला जिवाणू), दोन्ही खोलीच्या तापमानाला आणून, ३० मायक्रोलिटर प्रत्येकी, पांढऱ्या प्लेटवर मिसळायचे आणि ४ मिनिटे हलवायचे. प्रतिपिंडे असली तर जिवाणूंचे पिंड बांधले जातात, डोळ्यांना दिसतात! निकाल लगेच वाचावा. उशीर झाला की थेंबाच्या कडा सुकतात आणि नसलेले गोळेही दिसू लागतात.