वरळीतलं मारुत सुपरसॉनिक होतं का?

प्रश्न: वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरमधे मुलाला घेऊन गेलो होतो, तिथे एचएफ-२४ मारुत हे जुनं फायटर ठेवलंय. हे आवाजापेक्षा जोरात उडायचं का असं त्याने विचारलं. नेटवर कोणी हो म्हणतं, कोणी नाही. आणि युद्धात खरंच वापरलं का ते?

उत्तर: बनवलं होतं त्याच वेगासाठी, पण तसं इंजिन त्याला कधी मिळालंच नाही. पुढच्या वेळी जाल तेव्हा कॉकपिटच्या बाजूला उभं राहून हवा आत घेणारी तोंडं नीट बघा, आत अर्ध्या शंकूसारखा उंचवटा दिसेल, तो सुपरसॉनिक वेगात आत येणारी हवा आवरायला असतो. मग जरा मागे सरकून अंग बघा, पंखांपाशी कंबर बारीक केलीय, तीही त्या वेगातला ड्रॅग म्हणजे हवेचा विरोध कमी करायलाच. कुर्ट टँक या जर्मन डिझायनरने बंगळुरूला एचएएल या सरकारी विमान कंपनीच्या लोकांना घेऊन हे मॅक २ चं, म्हणजे आवाजाच्या दुप्पट वेगाचं, विमान आखलं आणि १७ जून १९६१ ला ते पहिल्यांदा उडालं. ज्या ऑर्फियस १२ इंजिनावर सगळी भिस्त होती त्याचं काम ब्रिटनमधे मधेच बंद पडलं, मग कमी ताकदीची दोन ऑर्फियस ७०३ बसवली, म्हणून विमान आवाजाच्या वेगाच्या आसपासच अडकलं. जोर वाढवायला आफ्टरबर्नर (इंजिनामागे जास्तीचं इंधन जाळणारा भाग) लावून बघितला, त्याच प्रकारच्या प्रोटोटाइपमधे १० जानेवारी १९७० ला टेकऑफ करताना टेस्ट पायलट सुरंजन दास गेले. पहिलं उड्डाणही त्यांचंच होतं, मारुतविषयी बोलताना त्यांचं नाव घ्यायलाच हवं.

मुलाला एवढंच सांगून थांबू नका मात्र, कारण युद्धातलं काम याने चोख केलंय. १९७१ मधे राजस्थानच्या आघाडीवर अगदी खालून उडत जमिनीवरची टार्गेट्स मारली, नाकात ३० मिमीच्या चार एडन तोफा आणि वर रॉकेट, बॉम्ब. दोन इंजिनांचा फायदा तिथे कळला, एक गेलं तरी दुसऱ्यावर तळावर परत आल्याची उदाहरणं आहेत. ७ डिसेंबरला स्क्वाड्रन लीडर के. के. बक्षींनी मारुतमधून पाकिस्तानचं एक सेबर फायटर पाडलं, आणि त्या युद्धात हवाई लढतीत मारुत एकही पडलं नाही.

एकूण १४७ बनली, दोन सीटवाली धरून.