कुकरमधली चिली, कच्चा राहिलेला राजमा आणि तीन चमचे तिखट

प्रश्न : माझा मुलगा व सून अमेरिकेत टेक्सास राज्यात राहतात. तिकडे थंडीत घरोघरी होणाऱ्या गोमांस-राजम्याच्या ‘चिली’ची कुकरमधील कृती सूनबाईंनी मला लिहून पाठवली. आमच्या घरी गोमांस चालत नाही, म्हणून मी बोकडाचा अर्धा किलो खिमा घेतला. रात्रभर भिजवलेला राजमा, खिमा, कांदा, पाच टोमॅटोंचा रस आणि कृतीत लिहिल्याप्रमाणे तीन मोठे चमचे ‘चिली पावडर’ असे सर्व एकदम कुकरमध्ये घालून मध्यम आचेवर ठेवले. वीस मिनिटे झाली तरी शिट्टी झाली नाही, उलट जळका वास येऊ लागला. झाकण उघडले तर तळाला काळा थर, राजमा दाताखाली कचकचणारा, आणि तिखट इतके की आमच्या घरच्या माणसांनीही हात आखडता घेतला. चूक कृतीची, कुकरची की माझी? — एक वाचक, चोपडा

उत्तर : कुकर निर्दोष आहे. बाकीची चूक आपण आणि सूनबाई यांच्यात वाटून घ्यावी, कारण ती कृती तिकडच्या सामानासाठी आणि बहुधा तिकडच्या विजेच्या कुकरसाठी लिहिलेली आहे.

आधी तिखटाचे पाहू. अमेरिकेत ‘चिली पावडर’ या नावाने जी डबी मिळते ती आपली मिरचीपूड नव्हे. सौम्य, गडद रंगाच्या वाळल्या मिरच्यांची पूड, जिरे, लसूण आणि ओरेगॅनो यांचे ते तयार मिश्रण असते, म्हणजे एक प्रकारचा मसालाच. तो तीन चमचे घातला तरी जिभेला चटका बसत नाही. त्याच जागी आपण नंदुरबारच्या बाजारातील मिरचीची पूड तीन मोठे चमचे घातली असेल, तर घरच्यांनी हात आखडता घेतला यात नवल नाही. आपल्याकडे त्या मिश्रणाच्या सर्वांत जवळ जायचे असेल, तर आठ-दहा ब्याडगी मिरच्यांच्या बिया काढून त्या कढत पाण्यात वीस मिनिटे भिजवाव्यात आणि बारीक वाटाव्यात. रंग आणि दाटपणा त्यांतून येतो. तिखटपणासाठी एक किंवा दोन गावरान मिरच्या त्यातच वाटल्या की पुरे. जिरे मात्र सढळ हाताने, दोन छोटे चमचे भाजून कुटलेले घालावे, कारण चिलीची ओळख मिरचीइतकीच जिऱ्यावर अवलंबून आहे. ओरेगॅनो न मिळाल्यास चिमूटभर ओवा चुरडून घातला तरी त्या वासाच्या जवळपास जाता येते, परंतु चिमटीपेक्षा अधिक ओवा घातल्यास त्याचाच वास वरचढ होतो. एक मोह टाळावा : घरचा काळा मसाला घालू नये. भाजलेले खोबरे आणि दगडफूल पडले की भांड्यात खान्देशी रस्सा तयार होतो. तो उत्तमच लागतो, पण मग त्याला चिली म्हणू नये.

आता शिट्टी का झाली नाही ते पाहू. कुकरमधील दाब वाफेमुळे तयार होतो आणि वाफेसाठी तळाशी मोकळे, हलणारे पाणी लागते. पाणी पातळ असते तेव्हा तळाचे तापलेले पाणी वर जाते, वरचे गार पाणी खाली येते आणि उष्णता सगळीकडे सारखी पसरते. टोमॅटोचा रस, खिमा आणि कांदा यांचा घट्ट लगदा मात्र हलत नाही. तळाचा थर तापत जातो, त्यातले पाणी उडते, तो करपतो, आणि वरचा भाग कोमटच राहतो. पुरेशी वाफ न झाल्यामुळे शिट्टीही होत नाही. विजेच्या कुकरमध्ये तळ फार तापल्यास उष्णता आपोआप कमी होण्याची सोय असते. आपल्या गॅसवरच्या कुकरला तशी सोय नाही, तेथे आपले नाकच कामाला येते. म्हणून कुकरमध्ये दाबाखाली जे शिजवायचे ते पातळ असावे, दीड ते दोन वाट्या मोकळे पाणी त्यात असावे, आणि दाटपणा झाकण उघडल्यानंतर आणावा.

राजमा कच्चा राहण्याची कारणे यापेक्षा गुंतागुंतीची आहेत आणि आपल्या भागात ती विशेष जाणवतात, त्यामुळे त्यांबद्दल थोडे सविस्तर लिहिते. पहिले कारण टोमॅटो. दाण्याच्या पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारा पेक्टिन नावाचा पदार्थ शिजताना विरघळावा लागतो, तेव्हा दाणा मऊ होतो. आंबट पाण्यात तो लवकर विरघळत नाही. म्हणून टोमॅटो, चिंच, आमसूल यांपैकी काहीही राजमा पूर्ण शिजल्यावरच घालावे. दुसरे कारण पाणी. आपल्याकडील अनेक गावांत बोअरचे पाणी जड असते. त्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पेक्टिनला घट्ट करतात. आंघोळीच्या बंबात किंवा पाणी तापवण्याच्या भांड्यात पांढरा थर जमत असेल, तर तेच पाणी राजमाही कडक ठेवते असे समजावे. अशा घरी भिजवण्यासाठी आणि शिजवण्यासाठी गाळणयंत्राचे क्षार काढलेले पाणी वापरावे. भिजवताना एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा मीठ घातल्यास साल मऊ पडते आणि दाणे फुटत नाहीत. मीठ घातल्याने कडधान्य शिजत नाही असा समज घरोघरी आहे. भिजवण्याच्या पाण्यापुरता तरी तो खरा नाही, कारण मिठातील सोडियम सालीतील कॅल्शियमची जागा घेते. एवढे करूनही दाद न मिळाल्यास पाव किलो राजम्याला पाव छोटा चमचा खाण्याचा सोडा शिजवताना घालावा. त्याहून अधिक घातल्यास साबणासारखी चव येते आणि ब-१ जीवनसत्त्व नष्ट होते.

तिसरे कारण राजम्याचे वय. उष्ण आणि दमट जागी महिनोन्महिने पडून राहिलेल्या राजम्याच्या आत असे बदल होतात की तो नंतर कितीही शिजवला तरी पुरता मऊ होत नाही. जळगाव-भुसावळकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि लगेच पावसाळ्याची दमट हवा येते. पत्र्याच्या छपराखालच्या गोदामात एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढलेल्या राजम्याकडून फारशी अपेक्षा ठेवू नये. दाणे तुकतुकीत आहेत की सुरकुतलेले आणि मळकट, हे पाहून घ्यावे, आणि भिजवल्यावर जे फुगत नाहीत ते वेचून टाकावेत. आपली खरेदी वर्षभराच्या साठवणीची असल्यास राजम्यापुरता तो नियम सोडावा. दोन महिन्यांपुरताच आणावा. साताऱ्याकडील कोरेगाव भागातील वाघ्या घेवडा मिळाल्यास जरूर वापरावा. तोही राजम्याचाच भाऊबंद असून चवीला सरस असतो.

आता पाच-सहा माणसांसाठी क्रम असा ठेवावा. पाव किलो राजमा आठ ते दहा तास भिजवून ते पाणी फेकून द्यावे. पाच लिटरच्या कुकरमध्ये राजमा आणि एक लिटर ताजे पाणी घालावे. कडधान्य फुगते आणि त्याला फेस येतो, म्हणून कुकर निम्म्याहून अधिक भरू नये. पहिली शिट्टी होईपर्यंत मोठी आच आणि नंतर मंद आचेवर वीस मिनिटे ठेवावे. शिट्ट्या मोजण्यापेक्षा घड्याळ पाहणे बरे, कारण मोठ्या आचेवर दहा शिट्ट्या सात मिनिटांतही होतात आणि मंद आचेवर वीस मिनिटांत दोनच. गॅस बंद केल्यावर शिट्टी उचलू नये, वाफ आपोआप जिरू द्यावी; घाईने वाफ सोडल्यास दाणे फुटतात आणि पिठूळ फेस शिट्टीच्या नळीत अडकतो. दाणा दोन बोटांत सहज चेपला गेला पाहिजे. तसा न झाल्यास आणखी दहा मिनिटे ठेवावे. शिजवलेले पाणी टाकू नये.

कुकर रिकामा करून त्यात तेल तापवावे आणि खिमा दोन वेळा विभागून परतावा. सगळा एकदम घातल्यास त्याला पाणी सुटते आणि तो भाजण्याऐवजी उकडतो. खिमा तपकिरी झाला पाहिजे. चिलीची निम्मी चव येथे तयार होते आणि नेमकी हीच पायरी बहुतेक जण घाईत उरकतात. मग बारीक चिरलेले तीन कांदे, लसणाच्या दहा पाकळ्या, मिरचीचे वाटण आणि जिरेपूड परतावी. राजम्याचे दोन वाट्या पाणी घालून उलथन्याने तळ नीट खरवडावा, कारण चिकटलेले तसेच राहिले तर ते पुढे करपते. झाकण लावून पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर दहा मिनिटे ठेवावे. वाफ जिरल्यावर झाकण बाजूला ठेवून आता टोमॅटो, शिजलेला राजमा आणि मीठ घालावे आणि उघड्या कुकरमध्येच अर्धा तास रटरटू द्यावे. दाटपणासाठी मूठभर राजमा चेचून घालावा किंवा मक्याचे दोन चमचे पीठ कोरडे भाजून, पाण्यात कालवून सोडावे. मेक्सिकोच्या सीमेलगतच्या त्या मुलखात मक्याचेच पीठ लावण्याची रीत आहे. तिकडे सोबत मक्याचा पाव खातात. आपल्याकडे सातपुड्याच्या पट्ट्यात होते तशी मक्याची भाकरी त्याला साजेल, आणि कळण्याची भाकरी तर माझ्या मते त्या पावाहून सरस आहे.

सूनबाईंना एक गोष्ट गमतीने सांगावी. चिली हे १९७७ पासून टेक्सासचे अधिकृत राज्यखाद्य आहे, आणि तेथील कट्टर खवय्ये चिलीत राजमा घालणे मुळीच मान्य करत नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सॅन अँटोनियो शहराच्या चौकांत संध्याकाळी बायका मोठ्या भांड्यांतून जी चिली विकत असत, त्यांना लोक ‘चिली क्वीन्स’ म्हणत, तिचा आत्मा मांस आणि मिरची हाच होता. राजम्याची चिली ही इतरत्र रुळलेली रीत आहे, आणि कुटुंबाचे पोट भरण्याच्या दृष्टीने ती अधिक शहाणपणाची आहे.

प्रश्न : अर्धवट शिजलेला राजमा विषारी असतो असे ऐकले. हे खरे की घाबरवणे? — एक वाचक, शिरपूर

उत्तर : खरे आहे. राजम्यात, विशेषतः लाल राजम्यात, फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचे प्रथिन असते. कच्चे चार-पाच दाणे खाल्ले तरी एक ते तीन तासांत मळमळ, जोराच्या उलट्या आणि नंतर जुलाब होऊ शकतात. भिजवलेले पाणी फेकून ताज्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळल्यास ते निष्प्रभ होते, आणि कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या आसपास जात असल्याने तेथे ते टिकत नाही. धोका आहे तो मंद, न उकळणाऱ्या उष्णतेचा. साधारण ८० अंशांवर रेंगाळत ठेवलेला राजमा कच्च्यापेक्षाही अधिक बाधक ठरू शकतो, म्हणून रात्रभर मंद उष्णतेवर शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यांत कोरा राजमा थेट घालू नये. चोपड्याच्या वाचकांच्या घरी जो कचकचीत राजमा निघाला, तो ‘चालेल’ म्हणून वाढण्यासारखा नव्हताच.

प्रश्न : आमच्याकडे ‘मोठ्याचं’ म्हणजे म्हशीचे मांस खातात. ते या कृतीत चालेल का? — एक वाचक, नवापूर

उत्तर : चालेल, आणि मूळ पदार्थाच्या पोताशी ते बोकडाच्या खिम्यापेक्षा अधिक जुळेल. राज्यात गाय, वळू आणि बैल यांची कत्तल आणि त्यांच्या मांसाची विक्री यांवर २०१५ च्या सुधारित कायद्याने बंदी आहे. म्हशीच्या मांसाला ती लागू नाही, तरी ते परवाना असलेल्या दुकानातूनच घ्यावे. खिमा न करता खांद्याचे मांस घेऊन त्याचे अर्ध्या इंचाचे तुकडे करावेत. त्या भागात जो चिवट धागा असतो तो दीर्घ शिजवण्याने विरघळून रसाला चिकटपणा देतो, आणि मऊ मानल्या जाणाऱ्या भागाचे तुकडे मात्र तेवढ्याच वेळात कोरडे पडतात. दाबाखाली पस्तीस ते चाळीस मिनिटे लागतील; जनावर वयस्क असल्यास अधिक. पाणी दोनऐवजी तीन वाट्या ठेवावे.

प्रश्न : उरलेली चिली दुसऱ्या दिवशी अधिक चांगली लागते म्हणतात. रात्रभर ओट्यावर ठेवली तर चालेल का? — एक वाचक, भुसावळ

उत्तर : चांगली लागते, कारण मसाला राजम्यात मुरतो. ओट्यावर मात्र ठेवू नये. मांस आणि कडधान्य एकत्र असलेला पदार्थ एरवीही दोन तासांच्या आत शीतकपाटात गेला पाहिजे, आणि आपल्या वैशाख-ज्येष्ठाच्या उकाड्यात ही मुदत तासाभराचीच धरावी. खोल कुकरमध्ये तो तासन्‌तास निवत नाही, म्हणून पसरट डब्यांत काढावा. दुसऱ्या दिवशी थोडे गरम पाणी घालून, तळ हलवत, खळखळून उकळी येईपर्यंत तापवावा. गार चिली घट्ट बसलेली असते, तेव्हा झाकण लावून शिट्टी देऊ नये.