तारीख पुढे गेली, गोळी मात्र बंदच राहिली

नमस्कार ताई,

सासऱ्यांना चार महिन्यांपूर्वी स्टेंट (हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी) बसवलाय, आता हर्नियाचं ऑपरेशन ठरलंय आणि रिसेप्शनवरून फोन आला की ‘सात दिवस आधी रक्त पातळ करायची गोळी बंद करा’, हे तुम्ही लिहिलेलं वाचलं आणि माझ्या पोटात गोळा आला. आमच्या बाबांच्या वेळी हेच झालं होतं. मी डॉक्टर नाही, भांडुपला राहणारी एका पेशंटची मुलगी आहे, तेव्हा शेवटचा शब्द तुमच्या कार्डिऑलॉजिस्टचाच.

बाबांना हार्ट अटॅकनंतर स्टेंट बसला आणि पाच महिन्यांनी पित्ताशयातले खडे निघाले. सर्जनच्या ऑफिसातून असाच फोन आला आणि आम्ही गोळी बंद केली. बाबांची होती ती एकाच कॅप्सूलमध्ये क्लोपिडोग्रेल आणि अ‍ॅस्पिरिन दोन्ही असलेली. आपल्याकडे अशा गोळ्या सर्रास दिल्या जातात. म्हणजे एक बंद करायला गेलो आणि दोन्ही बंद झाल्या. स्टेंट असलेल्यांची अ‍ॅस्पिरिन बहुतेक ऑपरेशनांत चालूच ठेवतात, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही.

आणि खरा घात पुढेच झाला. विम्याच्या कॅशलेसची मंजुरी आली नाही म्हणून गोळी बंद केल्याच्या सहाव्या दिवशी हॉस्पिटलने तारीख आठवडाभर पुढे ढकलली. मी त्यांच्या विमा डेस्कवर तीन फोन केले. प्रत्येक वेळी ‘मॅडम, अ‍ॅप्रूव्हल आलं की कळवतो’. मधल्या दिवसांत गोळ्या परत सुरू करायच्या का, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. अकराव्या दिवशी पहाटे बाबांच्या छातीत कळ आली. स्टेंटमध्येच गुठळी झाली होती. पुन्हा अँजिओप्लास्टी, पाच दिवस आयसीयू. बाबा वाचले, पण हृदय कमजोर झालं ते झालंच. त्या डेस्कचा राग आजही येतो. कागद अडले तर अडू देत, पण पेशंटच्या गोळ्या बंद आहेत हे तिथल्या एकाला तरी लक्षात यायला नको?

म्हणून माझं ठाम मत, घाई नसेल तर ऑपरेशन पुढे ढकला. औषधाचा लेप असलेल्या स्टेंटच्या जाळीवर आतून अस्तर धरायला वेळ लागतो, आणि ऑपरेशनच्या ताणाने रक्त गोठायची प्रवृत्ती आणखी वाढते. स्टेंट अटॅकनंतर बसवला असेल तर साधारण १२ महिने, आधी ठरवून बसवला असेल तर ६ महिने थांबायला सांगतात. थांबण्यातच जास्त धोका असेल, तर ३ महिन्यांनंतर, कधी त्याहूनही आधी करतात, पण तो निर्णय कार्डिऑलॉजिस्ट, सर्जन आणि भूलतज्ज्ञ यांनी मिळून घ्यायचा, रिसेप्शनने नाही. हर्निया मात्र अडकून कडक झाला, खूप दुखायला लागलं, उलट्या झाल्या तर वाट न पाहता तडक कॅज्युअल्टी गाठा, आणि स्टेंट आहे हे दारातच सांगा.

बंद करायचीच झाली तर क्लोपिडोग्रेल साधारण ५ दिवस आधी, त्याऐवजी दिल्या जाणाऱ्या टिकाग्रेलॉर ३ ते ५, प्रासुग्रेल ७. ‘मधल्या दिवसांत हेपरिनचं इंजेक्शन घेऊ’ असं कुणी म्हणालं तर कार्डिऑलॉजिस्टला विचारल्याशिवाय हो म्हणू नका. हेपरिन प्लेटलेट्सवर, म्हणजे रक्तातल्या गुठळी धरणाऱ्या कणांवर, काम करत नाही, ते या गोळ्यांची जागा घेत नाही. जाता जाता, दात काढणं किंवा मोतीबिंदूसाठी बहुतेक वेळा गोळ्या थांबवाव्याच लागत नाहीत, तिथेही सवयीने ‘बंद करा’ म्हणतात.

कार्डिऑलॉजिस्टची अपॉइंटमेंट मिळत नाही म्हणताय, तर ज्या हॉस्पिटलात स्टेंट बसवला तिथल्या ओपीडीत सकाळीच जाऊन बसा. स्टेंट कार्ड (कोणता स्टेंट कधी बसवला ते लिहिलेलं) आणि गोळ्यांची पाकिटं बरोबर घ्या. कोणती गोळी कधी बंद, कधी सुरू आणि तारीख बदलली तर काय करायचं, हे एकाच कागदावर सहीनिशी लिहून घ्या. तोवर आजची गोळी चुकवू नका, आणि पाकिटावर एक औषध लिहिलंय की दोन, ते आत्ताच बघा.