ध्रुवीय वायूंच्या मिश्रणाचे गणित कुठे अडते?

प्रश्न : मिथेन आणि नायट्रोजन यांच्या मिश्रणाची घनता पेंग-रॉबिन्सन समीकरणाने (वायूचा दाब, तापमान आणि घनता यांची सांगड घालणारे सूत्र) समाधानकारक येते, मात्र मिश्रणात पाण्याची वाफ किंवा ॲसिटोन असे ध्रुवीय (धन आणि ऋण भार वेगळ्या टोकांना असलेले) रेणू असले की उत्तर बिघडते. शुद्ध घटकांची माहिती अचूक असताना असे का व्हावे?
— रासायनिक अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी

उत्तर : शुद्ध घटकांची माहिती कितीही अचूक असली, तरी दोन भिन्न रेणू एकमेकांना किती ओढतात हे तिच्यात नसते. मध्यम दाबाखाली विरियल समीकरण (रेणूंमध्ये ओढ नसलेल्या आदर्श वायूपासूनचा फरक पदांच्या मालिकेत मांडणारे सूत्र) वापरल्यास हे स्पष्ट दिसते, कारण मिश्रणाच्या दुसऱ्या विरियल गुणांकात (रेणूंच्या जोड्यांमधील ओढ दाखवणारी संख्या; ती जितकी अधिक ऋण, तितकी ओढ जास्त) दोन पदे सजातीय जोड्यांची, तर तिसरे विजातीय जोडीचे असते आणि समप्रमाण मिश्रणात या तिसऱ्याचा भार निम्मा असतो.

आपलेच उदाहरण घेऊ. २५ अंश सेल्सिअसला मिथेनचा हा गुणांक सुमारे उणे ४३ घन सेंटिमीटर प्रति मोल असतो, तर पाण्याच्या वाफेचा उणे ११०० ते १२०० यांच्या दरम्यान. सरासरी काढली तर विजातीय जोडीसाठी उणे ६०० च्या जवळपासची संख्या मिळते. प्रत्यक्षात ती उणे ६० च्या आसपास आहे. पाण्याच्या रेणूंमधील ओढ मुख्यतः त्यांच्या १.८५ डीबाय (ध्रुवीयतेचे एकक) इतक्या द्विध्रुव आघूर्णामुळे (रेणूच्या ध्रुवीयतेचे माप) आणि हायड्रोजन बंधांमुळे असते, आणि मिथेनजवळ यांपैकी काहीच नसल्यामुळे पाण्याचे हे बळ त्याच्यासमोर जवळजवळ निरुपयोगी ठरते. पेंग-रॉबिन्सन समीकरण (१९७६) मात्र नेहमीच्या मिश्रण-नियमानुसार दोन्ही आकर्षण-स्थिरांकांचा गुणोत्तर मध्य (गुणाकाराचे वर्गमूळ) घेते, म्हणजे पाण्याचे सगळे बळ मिथेनलाही लागू पडते असे धरून चालते. हा मध्य किती कमी करायचा हे सांगणारी जोडी-स्थिरांक नावाची दुरुस्ती त्यासाठीच असते; मिथेन-नायट्रोजनसाठी ती ०.०३ इतकी किरकोळ पुरते, तर वायुअवस्थेतील मिथेन-पाण्यासाठी ०.५ च्या घरात न्यावी लागते. इतक्या मोठ्या संख्येला दुरुस्ती म्हणणे हे सौजन्यच होय.

ॲसिटोन आणि क्लोरोफॉर्म यांच्या बाबतीत चूक उलट दिशेने होते. दोन्ही ध्रुवीय असले, तरी शुद्ध स्थितीत त्यांच्यात हायड्रोजन बंध जवळजवळ नसतात. एकत्र येताच क्लोरोफॉर्मचा हायड्रोजन ॲसिटोनच्या ऑक्सिजनशी बंध जोडतो आणि विजातीय जोडीचा गुणांक दोन्ही शुद्ध गुणांकांपेक्षा अधिक ऋण होतो. अशी संख्या कोणत्याही सरासरीतून निघणार नाही.

तापमानाकडेही लक्ष हवे. फिरत्या द्विध्रुवांची सरासरी ओढ, भौतिकशास्त्रज्ञ कीसम यांनी दाखवल्याप्रमाणे, निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात घटते. म्हणून एका तापमानाला बसवलेला जोडी-स्थिरांक दुसऱ्या तापमानाला बिनधास्त वापरू नये.

प्रायोगिक माहिती नसेल, तर साधारण दाबासाठी हेडन-ओ'कॉनेल पद्धत (१९७५) वापरावी, कारण तिच्यात द्विध्रुव आघूर्ण आणि रेणूंचे साहचर्य (बंधांनी एकमेकांना चिकटणे) दोन्ही विचारात घेतले आहेत. उच्च दाबासाठी साहचर्याचे स्वतंत्र पद असलेली सॅफ्ट किंवा सीपीए समीकरणे बरी. ॲसेटिक आम्लासारखा घटक असल्यास मात्र दाब कमी आहे म्हणून आदर्श वायू समजण्याची सवलत घेऊ नये : त्याची वाफ उत्कलनबिंदूलाही मोठ्या प्रमाणात जोडरेणूंची असते, आणि घनतेवरून काढलेले रेणुभार ६० ऐवजी ९० च्या वर जाते.