उत्तर: साम्राज्यविस्ताराचे ‘एकच मुख्य कारण’ मागितले जाते तेव्हा

युरोपीय राष्ट्रांच्या समुद्रापारच्या विस्ताराचे कारण आर्थिक की राजकीय, यांपैकी एकच निवडा, असा आग्रह आपल्या मार्गदर्शकांनी धरल्याचे वाचले आणि माझा जुना जाच आठवला. साम्राज्यविस्ताराचे मूळ अतिरिक्त भांडवलात शोधणारे हॉब्सन आणि लेनिन आपण वाचले असतीलच, त्यामुळे त्यांची उजळणी करत नाही.

माझा संशोधन-आराखडा विभागाच्या समितीने ‘मुख्य कारण स्पष्ट नाही’ एवढ्या शेऱ्यानिशी परत पाठवला. खुलासा मागायला गेल्यावर प्रत्येक टेबलाने पुढच्या टेबलाकडे बोट दाखवले आणि त्यातच शिष्यवृत्तीची मुदत टळली. अर्जात एका ओळीचा रकाना आहे, म्हणून इतिहासानेही एका ओळीत बसावे, ही अपेक्षा मला आजही निव्वळ कारकुनी वाटते.

माझ्या मते (हे एकोणिसाव्या शतकापुरतेच समजावे, सोळाव्या शतकातील स्पेन-पोर्तुगालचे गणित वेगळे आहे) ‘राष्ट्राने का विस्तार केला’ हा प्रश्नच सदोष आहे, कारण निर्णय कोणी घेतला, लाभ कोणाला झाला आणि खर्च कोणावर पडला, हे तीन वेगळे प्रश्न त्यात झाकले जातात. इजिप्तचे उदाहरण घ्या. सुवेझ कालवा 1869 मध्ये खुला झाला, 1875 मध्ये ब्रिटिश सरकारने इजिप्तचा शासक (खेदिव) इस्माईल याचे कालवा कंपनीतील समभाग विकत घेतले, पुढच्याच वर्षी इजिप्तची कर्जफेड थांबली आणि युरोपीय धनकोंचे नियंत्रण तेथील तिजोरीवर आले. त्याविरुद्ध इजिप्तचे लष्करी अधिकारी उराबी पाशा यांचे आंदोलन उभे राहिल्यावर 1882 मध्ये ब्रिटनने देश व्यापला, तोही आधीचे पंतप्रधान डिझरायली यांच्या विस्तारवादावर कडाडून टीका करणाऱ्या पंतप्रधान ग्लॅडस्टन यांच्याच कारकिर्दीत. शिवाय ग्लॅडस्टन यांची स्वतःची मोठी गुंतवणूक इजिप्तच्या कर्जरोख्यांत होती. येथे हिंदुस्थानचा जलमार्ग, रोखेधारकांचे हित आणि मंत्रिमंडळातील दबाव यांना वेगळे करू पाहणारा अभ्यासक पुराव्यापेक्षा रकान्याला अधिक मान देतो.

याउलट 1830 मध्ये फ्रान्सने अल्जियर्सवर स्वारी केली, त्यामागे दहाव्या चार्ल्सची देशांतर्गत डळमळलेली प्रतिष्ठा सावरण्याचा हेतू ठळक होता. जुलैच्या आरंभी शहर पडले आणि महिनाअखेरीस राजाचीच सत्ता गेली, तरी अल्जीरिया 1962 पर्यंत सुटला नाही. म्हणजे ताबा घेण्याचे कारण आणि ताबा टिकवण्याचे कारणही एकच असेल, असे नाही.

अतिरिक्त भांडवलाचा सिद्धान्त (मायदेशी पुरेसा नफा न मिळणारे भांडवल बाहेर वाट शोधते, म्हणून विस्तार होतो) मांडणार असाल, तर 1914 पूर्वीचे ब्रिटिश भांडवल नव्याने जिंकलेल्या उष्णकटिबंधीय आफ्रिकेत फारच थोडे गेले आणि अमेरिका, कॅनडा, अर्जेंटिना येथे कितीतरी अधिक गेले, हा आक्षेप येणारच. त्याचे उत्तर तयार ठेवा. क्विनीन, आगबोटी आणि मॅक्सिम मशीनगन यांना मात्र कारणांच्या यादीत घालू नका. त्यांनी विस्तार स्वस्त केला, एवढेच.

आपल्या समितीचे नियम मला ठाऊक नाहीत, तरी एक सुचवतो: ‘मुख्य कारण’ या रकान्यात एखाद्या ठरावीक निर्णयाचे वर्ष आणि तो घेणाऱ्यांची नावे लिहा, आणि उरलेला वाद पहिल्या प्रकरणासाठी राखून ठेवा.